विवाहित भिक्खू आणि जपानधार्जिणा भिक्खू: कोरियातली एक जुनी गल्लत

जपानी राजवटीतल्या (१९१०–१९४५) कोरियन भिक्खूंबद्दल वाचताना ‘विवाहित’ आणि ‘जपानधार्जिणा’ हे दोन शिक्के हमखास एकावर एक बसतात. पहिला प्रश्न विनयाचा (म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांचा), दुसरा राजकारणाचा. एकेक माणूस घेऊन पाहिलं की दोन्ही याद्या जुळत नाहीत.

जपानमध्ये १८७२ च्या फर्मानाने भिक्खूंचा विवाह, मांसाहार आणि केस राखणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं. जपानी संप्रदायांमार्फत आणि तिकडे शिकून आलेल्या तरुण भिक्खूंमार्फत ती रीत कोरियात पसरली. पण मोठ्या मठांच्या नियमांत मठाधिपती अविवाहितच हवा, अशी अट होती. १९२६ मध्ये बेक योंग-संग या भिक्खूंनी १२७ सह्यांचं निवेदन देऊन भिक्खूंच्या लग्नाला बंदी मागितली. सरकारने उलट त्याच वर्षी ती अट सैल करायची वाट मोकळी केली. १९१९ च्या कोरियन स्वातंत्र्य जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ३३ जणांत बेक होते. त्याच ३३ जणांतले दुसरे बौद्ध, कवी हान योंग-उन, यांनी मात्र १९१० मध्येच भिक्खूंना लग्नाची मुभा द्या असा अर्ज केला होता, तोही जपानी अधिकाऱ्यांकडे! पुढे त्यांनी स्वतः लग्नही केलं. जपानला विरोध करण्यात दोघेही सारखेच कडवे.

(महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे गृहस्थ बौद्धाचार्य डोळ्यांसमोर आणू नये. हे दीक्षा घेतलेले, विहार चालवणारे भिक्खू होते.)

जपानी राजवटीला सामील होणं घडलं ते वेगळ्या यंत्रणेतून. १९११ च्या मंदिर अध्यादेशाने देशभरचे विहार ३० मुख्य मठांखाली आणले. १९२४ मध्ये ते ३१ झाले. मुख्य मठाधिपतीला जपानी गव्हर्नर-जनरलची मान्यता लागे, इतरांना प्रांताधिकाऱ्याची, मुदत तीन वर्षं. जमीन, जंगल, मूर्ती, जुनी कागदपत्रं, काहीही विकायचं तर सरकारी परवानगी. दर तीन वर्षांनी खुर्ची सरकारच्या हातात, मग १९३७ नंतर युद्धनिधी, सैन्यासाठी प्रार्थना, भरतीची प्रवचनं आणि वितळवायला द्यायच्या घंटा या मागण्यांना ‘नाही’ म्हणणार कोण?

१९४१ मध्ये या मठांची मध्यवर्ती संस्था म्हणून चोग्ये संप्रदाय उभा राहिला. त्याचे प्रशासक यी चोंग-उक. १९१९ च्या स्वातंत्र्य चळवळीत आणि शांघायमधल्या कोरियन हंगामी सरकारच्या कामात असलेला हा माणूस युद्धकाळात जपानी युद्धयंत्रणेसाठी राबला. संप्रदायाचे धर्मप्रमुख पांग हानाम मात्र कडक ब्रह्मचारी, ओदे पर्वत सोडून ते राजधानीत यायलाही तयार नसत. म्हणजे ब्रह्मचर्य पाळणाऱ्याचं नावही त्या संस्थेच्या शिरोभागी होतंच.

तेव्हा एखाद्या भिक्खूला जपानधार्जिणा ठरवायचा पुरावा कोणता? सरकारी राजपत्रातली मठाधिपतिपदाची मान्यता पुरत नाही, तिच्याशिवाय पद मिळतच नसे. जपानी नावही पुरत नाही. १९४० च्या नामांतर मोहिमेत सुमारे ८० टक्के लोकांनी ते घेतलं. वजन असतं ते स्वतःच्या नावाने छापलेल्या युद्धसमर्थक लेखांना, भरतीच्या भाषणांना आणि निधी गोळा करण्यातल्या पुढाकाराला. बौद्ध विद्वान क्वॉन सांग-नो यांच्याबाबतीत असं लेखनच हाती आहे.

गल्लत पक्की केली ती स्वातंत्र्यानंतरच्या सरकारने. मे १९५४ मध्ये दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी बायको असलेल्यांनी विहार सोडावेत असं जाहीर केलं. कारण दिलं जपानीपणाचं. सामील कोण होतं हे न तपासता लग्न हीच कसोटी झाली. ती सोयीची होती, कारण बायको लपत नाही, भाषणं विसरली जातात. अविवाहित गट संख्येने लहान होता, सरकार पाठीशी असल्याने त्याने विहार ताब्यात घेतले. मारामाऱ्या झाल्या, खटले चालले. १९६२ मध्ये एकत्रित चोग्ये संप्रदाय झाला (१९४१ चा तोच हा नव्हे, नाव तेवढं सारखं), तरी भांडण मिटलं नाही. १९७० मध्ये विवाहित भिक्खूंना मान्यता देणारा थेगो संप्रदाय वेगळा निघाला. सुन्छनच्या सनामसा विहारावरून चोग्ये आणि थेगो यांचं भांडण एकविसाव्या शतकातही कोर्टात होतं.