मोटार अपघात नुकसानभरपाई दावा

मोटार वाहनाच्या अपघातात मृत्यू झाला, इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे केला जाणारा अर्ज. कोर्टाच्या आवारात त्याला नुसते 'क्लेम' म्हणतात. अपघातानंतर पोलीस चालकावर जो गुन्हा नोंदवतात तो याहून वेगळा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार हयगयीने मृत्यू घडवणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्या खटल्यातून वारसांचे घर चालत नाही. शिवाय फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला म्हणून दावा पडतो असेही नाही. तिथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, इथे संभाव्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच पाहतात.

ब्रिटिश काळात असे दावे १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी न्यायालयात चालत. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागे आणि निकाल लागला तरी कफल्लक चालकाकडून वसुली काय होणार, हा प्रश्न उरेच. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील त्रयस्थ व्यक्तीच्या, म्हणजे 'थर्ड पार्टी' विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली आणि पैसे देऊ शकणारा कोणीतरी समोर उभा राहिला. १९५६ च्या दुरुस्तीने खास न्यायाधिकरणांची तरतूद केली. सध्याचा १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू आहे. महाराष्ट्रात जिल्हा न्यायाधीश वा अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश हेच न्यायाधिकरणाचे सदस्य म्हणून काम पाहतात. मुंबईला स्वतंत्र न्यायाधिकरण आहे.

अर्ज अपघात घडला तिथे, अर्जदार राहतो तिथे किंवा सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो, राहतो तिथे करता येतो. सुरतेला अपघातात गेलेल्या ट्रकचालकाच्या बायकोला बीडमध्येच दावा लावता येतो, ही या कायद्यातली फार माणुसकीची सोय आहे. मुदतीच्या बाबतीत मात्र कायदा मागेपुढे होत राहिला. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून ६ महिन्यांची अट पुन्हा आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. घरातला कमावता माणूस गेलेल्या कुटुंबाला सहा महिन्यांत कागदपत्रे जमवायला सांगणे निर्दयपणाचेच आहे. या तरतुदीला आव्हान देण्यात आले आणि केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला.

दाव्यात सामनेवाले सहसा तीन : चालक, गाडीमालक आणि विमा कंपनी. समन्स बजावल्यावर चालक बहुधा फिरकत नाही, मालक एखादी कैफियत (लेखी उत्तर) दाखल करून गप्प बसतो. खरी लढत अर्जदार आणि विमा कंपनीच्या वकिलात होते. चालक नोकरीत असताना, मालकाच्या कामावर असताना चुकला तर मालक जबाबदार, हे तत्त्व जुने आहे. त्याचा एक दाखला नागपूर जिल्ह्यातला आहे. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एका जिनिंग कंपनीची मोटार सावनेरपासून काही मैलांवर रस्त्याच्या उजव्या, म्हणजे चुकीच्या बाजूला जाऊन झाडावर आदळली. धडक इतकी जबर होती की इंजिन जागेवरून मागे सरकले. गाडी कंपनीचा व्यवस्थापक चालवत होता, सोबतचा प्रवासी मरण पावला. त्याच्या पत्नीला अपघात कसा झाला हे सांगणारा साक्षीदार आणणे शक्यच नव्हते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, गाडी चुकीच्या बाजूच्या झाडावर आदळते तेव्हा घटनाच निष्काळजीपणा सांगते; तसे नव्हते हे आता कंपनीने दाखवावे. व्यवस्थापकाने प्रवाशाला आपल्या मर्जीने गाडीत घेतले, हा कंपनीचा बचावही टिकला नाही.

मालक कोण, याचे उत्तर आरसी बुकावरचे नाव देते. जुनी दुचाकी विकली, पैसे घेतले, स्टँप पेपरवर लिहून घेतले, पण आरटीओत नाव बदलले नाही, तर अपघाताच्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने मालक जुनाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले. 'नंतर करून घेईन' म्हणणारे खरेदीदार गावोगाव आहेत, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा.

विमा कंपनी पॉलिसीच्या अटीमागे दडते : चालकाकडे परवाना नव्हता, होता तो या प्रकारच्या वाहनाचा नव्हता, मालवाहू टेम्पोत माणसे बसवली होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की परवान्याबाबत मालकाची स्वतःची कसूर कंपनीने सिद्ध करावी. आणि ती सिद्ध झाली तरी त्रयस्थाला आधी पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. वकील याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचे हलके व्यावसायिक वाहन चालवता येते, हेही घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मात्र गाडीचा मालक त्रयस्थ ठरत नाही, आणि मित्राची गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा असतो. स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे. मागून नेणाऱ्याला ते आपोआप मिळत नाही.

भरपाईचे गणित २००९ चा 'सरला वर्मा' आणि २०१७ चा 'प्रणय सेठी' या दोन निकालांवर चालते. आधी मृताचे उत्पन्न घ्यायचे. त्यात भविष्यातल्या वाढीपोटी भर घालायची : चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराला ५० टक्के, स्वतःचा धंदा असलेल्याला ४० टक्के. मग तो स्वतःवर जे खर्च करत असेल ते वजा करायचे : अविवाहिताचा निम्मा, दोन-तीन अवलंबित असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. उरलेल्या वार्षिक रकमेला वयानुसार गुणकाने गुणायचे. १५ ते २५ वयाला गुणक १८, ३१ ते ३५ ला १६, ४६ ते ५० ला १३ आणि पासष्टीपुढे ५.

समजा, किराणा दुकान चालवणारा ३४ वर्षांचा माणूस महिन्याला २०,००० कमवत होता. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वाढ धरून २८,०००, चौथा हिस्सा वजा जाता २१,०००, वर्षाचे २,५२,०००. गुणिले १६ म्हणजे ४०,३२,०००. त्यावर सहवास गमावल्याबद्दल चौघांना प्रत्येकी ४०,०००, अंत्यसंस्काराचे आणि मृताच्या मिळकतीच्या ('इस्टेट') हानीचे प्रत्येकी १५,००० (या ठोक रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात). आता हाच दुकानदार आयकर विवरणपत्र भरत नसेल, वही ठेवत नसेल, आणि न्यायाधिकरणाने काल्पनिक, म्हणजे पुराव्याअभावी अंदाजाने ठरवलेले, उत्पन्न १०,००० धरले, तर ४० लाखांचे थेट २० लाख होतात. अपघात तोच, कुटुंब तेच. म्हणून जाणता वकील पक्षकाराला आधी एफआयआर नव्हे, बँकेचे पासबुक मागतो. शेतमजूर, घरकामगार, हातगाडीवाले यांच्या वाट्याला काल्पनिक उत्पन्नच येते. गृहिणीच्या कामाला किंमत आहे हे न्यायालयांनी मान्य केले आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठासून सांगितले. तरी तिचे उत्पन्न किती धरायचे यावर आजही घासाघीस चालते.

जखमींच्या दाव्यात गणित आणखी नाजूक. सिव्हिल सर्जनच्या प्रमाणपत्रात ६० टक्के अपंगत्व लिहिले म्हणून कमाईही ६० टक्क्यांनीच घटते असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेले उदाहरण असे : डावा हात तुटलेला सुतार किंवा चालक कमाईला जवळजवळ पूर्ण मुकतो, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून अपंगत्व शरीराचे आणि अपंगत्व धंद्याचे, असे दोन वेगळे हिशेब करायचे. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरला उलटतपासणीसाठी हजर करणे हेच अशा दाव्यांत सर्वाधिक वेळ खाते.

जखमीचीही चूक असेल तर त्या प्रमाणात भरपाई कापतात. विमा कंपन्या हा मुद्दा सवयीने घेतात : हेल्मेट नव्हते, ट्रिपल सीट होते. नियमभंग झाला एवढ्याने भागत नाही, त्या नियमभंगामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते, असे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रिपल सीटच्याच प्रकरणात म्हटले. दोन वाहनांच्या धडकेत तिसरा माणूस सापडला, तर तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम घेऊ शकतो. आपसातली वाटणी त्यांनी करावी.

चूक कोणाची हे न पाहता मिळणारी भरपाईही आहे. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १६४ नुसार मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करून मृत्यूला २ लाख, गंभीर जखमीला ५०,००० मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी हेच आकडे २५,००० आणि १२,५०० होते. अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांनी अडकवू नये म्हणून कलम १३४-अ आहे.

कागदावर आता पोलिसांवरच बरीच जबाबदारी आहे. २०२२ च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा, आणि तोच अर्ज म्हणून धरता येतो. प्रत्यक्षात घटनास्थळ पंचनाम्याच्या नकलेसाठी ठाण्याच्या पायऱ्या झिजवणारे वारस अजून दिसतात. बनावट दावेही होतात. पळून गेलेल्या गाडीच्या जागी विमा असलेली दुसरी गाडी, परवाना नसलेल्या चालकाच्या जागी परवान्याचा माणूस उभा केला जातो. त्यामुळे उशिरा नोंदवलेल्या एफआयआरकडे विमा कंपनी आणि न्यायाधिकरण दोघेही संशयाने पाहतात, आणि उशिराचे खरे कारण आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक हे असले तरी ते सिद्ध करावे लागते.

एसटीसारख्या सरकारी परिवहन उपक्रमाला स्वतंत्र निधी ठेवून विम्यातून सूट घेता येते. मग निवाड्याची, म्हणजे न्यायाधिकरणाने निकालात ठरवलेली, रक्कम उपक्रमालाच भरावी लागते आणि थकली तर बस जप्तीपर्यंत पाळी येते. निवाड्यावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, मात्र रक्कम भरायचा आदेश असलेल्याला २५,००० किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यातील कमी असेल ती आधी जमा करावी लागते.

रस्ताच सदोष असेल तर? २०१९ ला आलेल्या कलम १९८-अ मध्ये सदोष रचना वा देखभालीबद्दल कंत्राटदार आणि यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड आहे. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यापुढे हा आकडा थट्टा वाटावा असाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूंसाठी वारसांना ६ लाख आणि जखमींना ५०,००० ते अडीच लाख देण्याचा आदेश दिला. या दाव्यात सामनेवाला गाडीमालक नसून रस्त्याची जबाबदारी असलेली महापालिका किंवा प्राधिकरण असते.