चौदा दिवसांचा मुक्काम: इंग्लंडच्या कालव्यांवरचा हिवाळा आणि एका अटीचा इतिहास

इंग्लंड आणि वेल्सच्या कालव्यांवर नोव्हेंबर ते मार्च हे दुरुस्तीचे महिने. लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलून नाव वर-खाली नेणारा दरवाजांचा हौद; त्याचे ओक लाकडाचे दरवाजे साधारण २५ वर्षं टिकतात. ते बदलायचे तर लॉक उपसून कोरडा करावा लागतो. उन्हाळ्यात सहलीच्या नावांची वर्दळ असते, म्हणून हे काम थंडीत निघतं. नॅरोबोटीवर, म्हणजे कालव्यातल्या लांब-अरुंद नावेवर, बारमाही राहणाऱ्यांना कोळसा, डिझेल आणि गोठलेला नसलेला पाण्याचा नळ जवळ हवा असतो तोही याच काळात. तरीही, ज्यांच्याकडे नाव बांधायची कायमची जागा नाही, त्यांना १४ दिवसांनी मुक्काम हलवावाच लागतो.

१७६१ मध्ये मँचेस्टरला कोळसा पोचवणारा कालवा सुरू झाला, पुढे मध्य इंग्लंडमधल्या लॉकची रुंदी सुमारे सात फूट ठरली, आणि नावाही तेवढ्याच अरुंद झाल्या. रेल्वेच्या स्पर्धेत मजुरी उतरली तेव्हा घरभाडं परवडेना आणि नावाड्यांची कुटुंबं मागच्या जेमतेम दहा फुटी खोलीत राहायला आली. १८७७ आणि १८८४ च्या कायद्यांनी त्या खोलीत किती माणसं झोपू शकतात याला मर्यादा घातली. मजुरी फेरीवर मिळायची. कालवा गोठला की फेरी नाही, आणि फेरी नाही तर पैसा नाही. बर्फ फोडायला खास नाव असे. घोडे ती ओढत आणि वर उभी राहिलेली माणसं मधल्या दांड्याला धरून तिला डावी-उजवीकडे हेलकावत.

या जगाचा कणा मोडला तो १९६२-६३ च्या हिवाळ्यात. डिसेंबर १९६२ च्या अखेरीला गोठलेले कालवे मोकळे व्हायला मार्च उजाडला. भरलेल्या नावा जागच्या जागी अडकल्या आणि गिऱ्हाइकांनी कोळसा ट्रकने मागवायला सुरुवात केली. ती गिऱ्हाइकं फारशी परतलीच नाहीत. कालव्यांचा ताबा नव्या सरकारी मंडळाकडे नेमका त्याच जानेवारीत आला होता. त्याने त्याच वर्षी आपला नॅरोबोटींचा ताफा बहुतांशी मोडीत काढला. ॲदरस्टोनहून लंडनजवळच्या साउथॉलमधल्या जॅमच्या कारखान्याला कोळसा नेणारी शेवटची नियमित लांब फेरी १९७० मध्ये थांबली. तोवर १९६८ च्या कायद्याने बरेचसे कालवे 'क्रूझिंग'च्या, म्हणजे सहलीच्या वर्गात टाकले होते.

माल गेला, पण नावेवर राहणं संपलं नाही. आजच्या वादाचं मूळ मात्र १९९५ च्या कायद्यात आहे. त्याचं विधेयक संसदेत चार वर्षांहून अधिक काळ अडकून होतं. मंडळाला प्रत्येक नावेसाठी कायमची जागा सक्तीची करायची होती. फिरत्या नावाड्यांनी हरकती घेतल्या, समितीसमोर सुनावणी झाली, आणि त्यातून एक पळवाट नव्हे, एक हक्क कायद्यात आला: जागा नसेल तर नाव खरोखरच जलप्रवासासाठी वापरली पाहिजे आणि कोणत्याही एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून जास्त थांबू नये, परिस्थिती पाहता त्याहून जास्त काळ वाजवी ठरत असेल तर तेवढाच.

सगळा गुंता 'ठिकाण' आणि 'खरोखर' या दोन शब्दांत आहे. ठिकाण म्हणजे काठावरचा एक खुंटा, एक गाव, की आजूबाजूचा सगळा परिसर? कायदा सांगत नाही. किती अंतर कापायचं, तेही सांगत नाही. कायमची जागा नसलेल्या नावाड्यासाठी आज सर्रास वापरला जाणारा 'कंटिन्युअस क्रूझर' हा शब्द त्या कलमात नाहीच. संसदेला मैलांचा आकडा घालायचा असता तर तो घालता आला असता. तो घातला नाही, यातच तिचा हेतू दिसतो असं मला वाटतं.

न्यायालयाने २०११ मध्ये वेगळा कल दाखवला. केनेट अँड एव्हन कालव्यावर सुमारे १६ किलोमीटरच्या पट्ट्यात ये-जा करत राहणाऱ्या एका नावाड्याचा प्रवास 'खरा' नाही, असा निकाल ब्रिस्टलमध्ये लागला. कौंटी न्यायालयाचा निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नसतो, पण त्याची छाया लांबवर पडली. २०१२ मध्ये कालवे एका धर्मादाय संस्थेकडे गेले. २०१५ पासून ती सांगू लागली की नावेच्या परवान्याच्या काळात २० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा, कमी पल्ला असेल तर प्रवास खरा असल्याबद्दल तिचं समाधान होणं कठीण. कायद्यात नसलेला आकडा असा कारभारात आला. मुलांची शाळा किंवा नोकरी एका गावाला बांधलेली असेल, तर हा आकडा फार जड जातो. एप्रिल २०२४ पासून जागा नसलेल्या नावांच्या परवान्यावर जादा आकार लागला, तो टप्प्याटप्प्याने वाढणार आहे.

हिवाळ्यात आधार आहे तो 'वाजवी' या शब्दाचा. बर्फ, पूर, बंद लॉक किंवा आजारपण असेल तर आधी कळवून जास्त थांबता येतं. दुसरा मार्ग पैशाचा: १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत काही ठरावीक काठांवर नावेच्या लांबीनुसार पैसे भरून, म्हणजे हिवाळी परवाना घेऊन, एकाच जागी राहता येतं. ज्यांना तेही परवडत नाही ते शेगडी पेटती ठेवून, कोळशाच्या नावेची वाट पाहत, लॉक बंद होण्याआधी कुठल्या बाजूला राहायचं याचा हिशेब ऑक्टोबरातच मांडतात. दुरुस्तीची कामं मात्र मार्चमध्येही चालू असतात, आणि हिवाळी परवान्याची मुदत संपली की १४ दिवसांची मोजणी पुन्हा सुरू होते.