इंटर्नलचे गुण आणि मेहनतीचा हिशेब

‘सगळी लेक्चर्स केली, सबमिशन वेळेत दिलं, तरी ग्रेड कमी का?’ नाशिकच्या कॉलेजांत निकालानंतर होणारी ही तक्रार मुलांच्या लाडावलेपणावर ढकलणे सोपे आहे. मला ते पटत नाही. मेहनतीला गुण मिळतात हे त्यांना आपल्या परीक्षापद्धतीनेच शिकवले आहे.

मुळात पद्धत याच्या अगदी उलट होती. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्याचे काम. शिकवायचे कॉलेजांनी. १८६२ मध्ये तिथून पहिले बी.ए. झाले ते चौघेच: रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे. १९२४ मध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीने नाशकात एचपीटी कॉलेज काढले, तेव्हाही इथल्या मुलांची पदवी मुंबईच्याच परीक्षेवर ठरे. परीक्षकाशी गाठ पडायची ती उत्तरपत्रिकेपुरती. मुलगा रात्र रात्र जागला की आदल्या आठवड्यात घोकंपट्टी करून आला, हे त्याला कळायची सोय नव्हती. याला निष्ठुर म्हणा. पण वशिल्याला आणि ओळखीला वावही त्यामुळेच कमी होता.

तीन तासांत वर्षाचे भवितव्य ठरवणे मात्र कुणालाच फारसे पटत नव्हते. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची तर ती परीक्षांची, असे राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये म्हटले. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) अंतर्गत मूल्यमापनाचा, म्हणजे कॉलेजानेच वर्षभराच्या कामावर द्यायच्या ‘इंटर्नल’ गुणांचा, आग्रह धरला. नाशिकची कॉलेजे तोवर पुणे विद्यापीठाकडे आली होती. त्याच विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांत ३० टक्के गुण अंतर्गत आणि ७० टक्के लेखी परीक्षेचे अशी विभागणी झाली.

खरी गोम त्या तिसात आहे. वर्षभराचा अभ्यास दिसावा म्हणून ते आले. पण भरगच्च वर्गात अभ्यास दिसतो कुठे? मग जे मोजता येते ते मोजले जाते: हजेरी, वही, सबमिशनची तारीख. सिनियरचे जर्नल उतरवून काढले तरी सही मिळते. इंटर्नलला सहसा कुणाला पाडत नाहीत. असे सेमिस्टरमागून सेमिस्टर काढलेल्या मुलाने ‘मी सगळं केलं’ म्हणजे ‘मला येतं’ असे धरून चालले, तर त्याला दोष किती द्यावा?

हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्विन शाखेतील संशोधकांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बहुतेक तासांना बसल्याबद्दल किमान बी ग्रेड मिळावी असे सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांना वाटत होते. नेमलेले वाचन पूर्ण केल्याबद्दल तेवढी ग्रेड हवी म्हणणारे सुमारे ४० टक्के होते.

आपल्याकडे कोरोनात हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. राज्य सरकारला अंतिम वर्षाची परीक्षा न घेता आधीच्या सत्रांच्या सरासरीवर पदवी द्यायची होती. २८ ऑगस्ट २०२० च्या निकालात न्यायालयाने ते अमान्य केले: परीक्षा पुढे ढकला, पण तिच्याविना अंतिम वर्षाला उत्तीर्ण करता येणार नाही.

माझ्या मते नुसत्या मेहनतीला चांगली ग्रेड देऊ नये. मेहनतीने काय सुधारले, त्याला जरूर द्यावी. त्यासाठी पहिला कच्चा निबंध कुणीतरी वाचून चुका दाखवायला हव्यात आणि दुसरा खर्डाही तपासायला हवा. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या पैशांवर नेमलेल्या, एका कॉलेजातून दुसऱ्यात धावणाऱ्या प्राध्यापकाला त्या वाचनाचे मानधन मिळत नाही.