पार्श्वभूमी : पिल्लांना दार शोधणारी माणसं

कुत्र्याचं गावठी पिल्लू आहे, मादी आहे, कायमचं घर मिळेपर्यंत कुणी पंधरा दिवस सांभाळेल का, अशी विचारणा लातूर, परभणी, नांदेडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आता नेमाने फिरते. विचारणारे बहुतेक कुठल्या संस्थेचे नसतात. कुणी शिक्षिका, कुणी मेडिकलवर काम करणारा, कुणी कॉलेजातला पोरगा. त्यांना लागतं ते खाद्य, लसीचे आणि दवाखान्याचे पैसे, आणि सगळ्यात अवघड म्हणजे कुणाच्या तरी घरातला एक कोपरा.

मराठवाड्यात कुत्र्याला मान नव्हता असं कुणी म्हणू नये. भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव हिंगोलीजवळच्या नरसीचे मानले जातात. माहूरच्या दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तर श्वानप्रदर्शनच भरतं. पण प्रदर्शनातल्या कारवानी कुत्र्याचा थाट वेगळा, गल्लीतल्याचं जिणं वेगळं. गल्लीतल्याला घरोघरचा शिळा तुकडा मिळे आणि ते रात्री राखण करी. त्याला एक मालक नसे; ते आजारी पडलं तर पडलं, व्यालं तर व्यालं. पिल्लांतली निम्मी पावसाळ्यात जात, हेही गाव गृहीतच धरून असे. ऊसतोडीला जाणारं कुटुंब दाराला कुलूप लावून निघालं की बीडकडच्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि कुत्री मागे उरतात, ते आजही बदललेलं नाही.

शहरांत ही जुनी व्यवस्था मोडली. उघड्या कचऱ्यावर, मटणाच्या दुकानांमागे कुत्री वाढली आणि नगरपालिकांचा उपाय एकच होता, मारणं. तो इंग्रजांच्या काळापासूनचा. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून पारशी समाज रस्त्यावर उतरला होता, तरी मुंबई महापालिकेने मारणं थांबवलं ते १९९४ च्या सुमारास. नसबंदी करून सोडून देण्याचा विचार मद्रासच्या ब्लू क्रॉस या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने १९६४ पासून मांडला होता. तिथल्या महापालिकेने तो १९९६ मध्ये स्वीकारला. मग २००१ चे केंद्राचे नियम आले : पकडा, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस टोचा, कानाला खूण करा, जिथून उचललं तिथेच सोडा. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली, पण गाभा तोच राहिला.

माझ्या मते अडचण इथे आहे. हे नियम स्थानिक संस्था (नगरपालिका, महापालिका) आणि केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने मान्यता दिलेली संघटना, या दोघांना धरून लिहिलेले आहेत. ज्या गावात अशी संघटनाच नाही, तिथे काय? मराठवाड्यातली बीड, धाराशिव, हिंगोली ही जिल्ह्याची ठिकाणं आजही नगरपरिषदांचीच आहेत. जालन्याची महापालिका झाली २०२३ मध्ये. पशुवैद्यकीय महाविद्यालयं परभणी आणि उदगीरला. बाकी ठिकाणचे सरकारी दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यांसाठी चालतात. शिवाय सगळी योजना जन्मदर रोखण्याची आहे. आई गाडीखाली गेलेल्या पाच पिल्लांचं काय करायचं, याला तिच्यात उत्तर नाही. ती पिल्लं ज्याच्या नजरेला पडली त्याची होतात.

२०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं बंद पडली, रस्त्यावरची कुत्री उपाशी राहू लागली आणि रोज पातेलं घेऊन निघणारी नवी माणसं तयार झाली. खाऊ घालता घालता ती उपचार करू लागली, मग पिल्लं घरी आणू लागली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात माजलगाव तालुक्यातल्या लवूळमध्ये वानरं पिल्लं उचलून उंचावर नेत असल्याची बातमी जगभर गेली. वनविभागाने दोन वानरं पकडली. अडीचशे पिल्लं मेल्याचा आकडा मात्र कुणी नीट न तपासताच पसरला. मराठवाड्यातल्या गल्लीतल्या पिल्लांना एवढी प्रसिद्धी ना आधी मिळाली, ना नंतर!

प्राणी कल्याण मंडळाने २०२२ मध्ये रस्त्यावरची जनावरं दत्तक देण्याची कार्यपद्धती ठरवली. प्रत्यक्षात अर्जापेक्षा माणसांची आवड-निवडच आड येते. नर लगेच उचलला जातो, मादी मागे राहते, कारण पिल्लांचा व्याप नको असतो. नसबंदीचा खर्च आम्ही करतो असं सांगितलं, तर कधी कधी होकार मिळतो. त्यातून पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार, झाला तर सलाईनवर आठवडा जातो आणि खिशातले पैसेही.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी विषय पुन्हा तापला. २२ ऑगस्टच्या आदेशाने, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता, बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर मूळ जागी सोडायला मुभा दिली, दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली आणि दत्तक गेलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येऊ नये असंही बजावलं. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. ती परत तिथे सोडायची नाहीत. निवारा उभारणं स्थानिक संस्थेचं काम आहे. तो उभा राहीपर्यंत बसस्थानकामागची पिल्लं कुणाच्या घरी ठेवायची, याची विचारणा त्याच ग्रुपवर येते, आणि खाली खाद्याच्या पोत्यासाठी वर्गणीचा क्यूआर कोड असतो.