मिश्रक, औषध निर्माता, औषध निर्माण अधिकारी: काउंटरमागच्या कामाचा इतिहास

सरकारी दवाखान्यात खिडकीमागून औषध देणाऱ्याला पूर्वी ‘मिश्रक’ म्हणत, पुढे ‘औषध निर्माता’ म्हणू लागले आणि आता ‘औषध निर्माण अधिकारी’ म्हणतात. पदनाम भारदस्त होत गेले आणि खिडकीमागे औषध मिसळणे, निर्माण करणे मात्र संपत गेले. लोकांच्या तोंडी बसलेला ‘कंपाउंडर’ हा शब्दही मिश्रण करणारा याच अर्थाचा. काम बदलले तसे चूक होण्याचे ठिकाणही बदलले. पूर्वी ती खलात होई, आता ती चिठ्ठी वाचताना आणि फळीवरून खोका काढताना होते.

भारतात पाश्चात्त्य पद्धतीच्या औषधशास्त्राचे शिक्षण फार लवकर सुरू झाले ते गोव्यात. पणजीच्या वैद्यकीय विद्यालयाची स्थापना १८४२ची आणि तिथे औषधशास्त्राचा अभ्यासक्रम होता. ब्रिटिश मुलखातला बहुसंख्य कंपाउंडर मात्र डॉक्टरच्या किंवा इंग्रज केमिस्टच्या हाताखाली, बघून बघून तयार झाला. आधी बाटल्या धुवायच्या, मग पुड्या बांधायच्या, आणि हात बसला की तराजूला हात लावायचा.

कंपाउंडरचे औषध मिसळण्याचे ते टेबल आज समजून घ्यायचे तर आधी वजने कळायला हवीत. २० ग्रेनचा १ स्क्रुपल, ३ स्क्रुपलचा १ ड्राम, ८ ड्रामचा १ औंस. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. द्रवासाठी ६० मिनिमचा १ ड्राम. मिनिम म्हणजे थेंब नव्हे. टिंक्चरचा, म्हणजे अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्काचा, थेंब लहान पडतो, पाण्याचा मोठा, म्हणून थेंब मोजून दिलेले औषध मापात बसत नसे. ड्रामचे चिन्ह आपल्या देवनागरी ३ सारखे दिसे आणि औंसाचेही जवळजवळ तसेच, फक्त वर एक फाटा जास्त. घाईत लिहिलेला तो फाटा सुटला किंवा नसताना दिसला की मात्रा थेट आठपट चुके. १९५६च्या वजन-मापे कायद्यानंतर मेट्रिक पद्धत आली आणि हा घोळ मिटला. त्याच्या जागी दशांश चिन्हाचा घोळ आला, तो अजून आहे.

मिक्श्चर, म्हणजे बाटलीतून द्यायचे पातळ औषध, करण्याची रीत ठरलेली होती. एकूण मापाच्या पाऊण भाग पाणी घ्यायचे, त्यात विरघळणारे क्षार विरघळवायचे, कापसातून गाळायचे, मग इतर द्रव घालायचे. उडून जाणारी टिंक्चरे आणि स्पिरिटे अगदी शेवटी, नंतर पाण्याने माप पुरे करायचे. खडूसारखी न विरघळणारी पूड असेल तर ती तळाशी बसू नये म्हणून १०० मिलिलिटरला २ ग्रॅम या प्रमाणात ट्रॅगाकांथ डिंकाची संयुक्त पूड खलात कोरडीच घोटायची आणि मग पाणी थोडे थोडे घालायचे. पाणी एकदम ओतले की गुठळ्या होत आणि त्या पुन्हा फुटत नसत. दवाखान्यातल्या त्या प्रसिद्ध लाल औषधाचा रंग बऱ्याचदा वेलदोड्याच्या संयुक्त टिंक्चरचा असे. हे टिंक्चर कोचिनील या किड्यापासून मिळणाऱ्या रंगाने लाल केलेले असते. रोगी मात्र गुण लाल रंगाचा समजे.

बाटली रोग्याने घरून आणायची. सहा औंसांच्या बाटलीत एकेक औंसाचे सहा डोस, म्हणजे दिवसाला तीन या हिशेबाने दोन दिवसांचे औषध. कागदाची पट्टी दुमडून कात्रीने कडेला दाते पाडायचे आणि खळीने बाटलीवर उभी चिकटवायची. एक दाता म्हणजे एक डोस. निरक्षर माणसालाही कळेल असे हे लेबल होते. त्याहून सोपे लेबल नंतर कोणाला सुचलेले दिसत नाही.

खरी परीक्षा होती ती विसंगतीची, म्हणजे दोन औषधे एकमेकांशी पटत नाहीत हे ओळखण्याची. कोयनेलचे (क्विनाइनचे) सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सौम्य गंधकाम्लाचे थेंब टाकले की स्वच्छ द्रावण होते. त्याच बाटलीत सोडियम सॅलिसिलेट घातले तर साका बसतो. पण तो निदान डोळ्यांना दिसतो. सगळ्यात घातक जोडी स्ट्रिकनिन, म्हणजे कुचल्यातले विष, आणि अल्कलीची. भूक लागावी, ताकद यावी म्हणून स्ट्रिकनिन हायड्रोक्लोराइडचे द्रावण थेंबा-थेंबाने देत. त्यात अमोनियाचे सुगंधी स्पिरिट, म्हणजे अल्कली, पडले की स्ट्रिकनिन हळूहळू वेगळे होऊन बाटलीच्या तळाशी स्फटिकरूपात बसते. पहिले पाच डोस निरुपद्रवी, आणि सहाव्यात जवळजवळ सगळे विष. ‘बाटली हलवून घ्या’ ही चिठ्ठी अशा वेळी पुरेशी नसे. कंपाउंडरने औषध देणे थांबवून डॉक्टरला विचारणे हाच उपाय होता. आणि विचारण्याचा अधिकार त्याला कोणत्याही कागदावर दिलेला नव्हता.

कागद आला तो भेसळीमुळे. हिवतापाच्या देशात कोयनेल सर्वाधिक खपाचे, म्हणून त्यातच सर्वाधिक लबाडी. औषध विकायला परवाना नको, तपासणीची सोय नाही. १९३०मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. १९३१च्या अहवालात तिने औषधांच्या दर्जासाठी केंद्रीय कायदा हवा हे सांगितलेच, पण औषध हाताळणाऱ्या माणसाचे शिक्षण आणि नोंदणी हवी हेही सांगितले. पहिल्या शिफारशीला कायद्याचे रूप यायला १९४० उजाडले, त्याखालचे नियम १९४५चे, आणि माणसाचा कायदा, म्हणजे फार्मसी अ‍ॅक्ट, १९४८चा. हा क्रम आजही खटकतो. बाटलीतल्या औषधाचा कायदा आधी आणि बाटली भरणाऱ्याचा आठ वर्षांनी.

शिक्षण कायद्याची वाट पाहत थांबले नाही. महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्र शिकवायला सुरुवात केली आणि पुढे तिथेच भारतातला पहिला पदवी अभ्यासक्रम उभा राहिला. मुंबईत बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी १९५७मध्ये निघाले.

१९४८च्या कायद्यापुढचा प्रश्न होता, आधीपासून खल घोटणाऱ्या हजारो कंपाउंडरांचे करायचे काय? कलम ३१मध्ये त्याचे उत्तर आहे. पहिल्या नोंदवहीत पदवी-पदविकाधारक येतीलच, सरकारमान्य कंपाउंडर परीक्षा उत्तीर्ण झालेले येतील, आणि चिठ्ठीवर नियमित औषध दिले जाते अशा ठिकाणी ठरलेल्या तारखेपूर्वी एकूण पाच वर्षे मिश्रणाचे काम केलेलेही येतील. दुसरा मार्ग नव्हता, कारण नाहीतर दवाखाने ओस पडले असते. पण त्यामुळे एका नोंदवहीत रसायनशास्त्र शिकलेला आणि केवळ हाताला सवय असलेला असे दोघे शेजारी शेजारी बसले. कलम ४२ने चिठ्ठीवर औषध मिसळणे आणि देणे नोंदणीकृत फार्मासिस्टपुरते राखून ठेवले. डॉक्टर स्वतःच्या रोग्यांना औषध देत असेल तर मात्र सूट. या फटीतून खासगी दवाखान्यातला, कुठल्याच नोंदवहीत नसलेला कंपाउंडर पुढची कित्येक दशके टिकून राहिला.

नोंदणीसाठीची किमान पात्रता दोन वर्षांची पदविका, म्हणजे डी.फार्म., ही स्थिरावली. १९९१च्या शिक्षण नियमांत तीन महिन्यांहून कमी नाही अशा काळात किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आणि त्यातले २५० तास खऱ्या चिठ्ठ्यांवर औषध देण्याचे. अमेरिकेत फार्मासिस्टच्या हाताखाली ‘फार्मसी टेक्निशियन’ असा वेगळा वर्ग आहे, तसा कायदेशीर वर्ग आपल्याकडे नाही. मोजणे, लेबल लावणे, साठा लावणे ही त्याची कामे आपल्या मेडिकलमध्ये करतो तो ‘काउंटरवरचा मुलगा’. १९४५च्या नियमांत चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यावे असे आहे, त्यामुळे मुलाचे काम बेकायदा नाही. देखरेख करणाऱ्याचे प्रमाणपत्र तेवढे भिंतीवर आणि माणूस दुसऱ्याच गावात, हे बेकायदा आहे. प्रमाणपत्र भाड्याने देण्याचा हा धंदा मोडायला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२च्या सुमारास मोहीम काढली तेव्हा दुकानदार बंदवर उतरले होते.

दुकानाच्या पाटीतही हा इतिहास गोठलेला आहे. स्वतःला ‘फार्मसी’ म्हणवायचे तर औषध मिसळण्याची जागा आणि १९४५च्या नियमांतल्या अनुसूची ‘एन’मधली साधने लागतात: डिस्पेन्सिंग तराजू, काचेचा आणि चिनी मातीचा खल, मलम घोटायची फरशी, स्पिरिटचा दिवा, गोळ्या वळायचे यंत्र, सपोझिटरीचे (गुदद्वारातून द्यायच्या औषधी वडीचे) साचेसुद्धा. हे नसेल आणि फार्मासिस्ट असेल तर पाटीवर ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ लिहायचे. आपल्या रस्त्यांवर दुसरीच पाटी का जास्त दिसते ते यावरून कळेल.

मिश्रण काउंटरवरून कारखान्यात गेले तरी काउंटरची जबाबदारी गेली नाही. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे विष होते. दोन्ही द्रव रंगहीन, दाट, गोडसर; बघून, चाखून फरक कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून परवान्यापर्यंतची साखळी तपासली. चाचणी अहवालाशिवाय पिंप उघडायचे नाही, हे त्यानंतर समजावून सांगावे लागू नये.

आजच्या काउंटरवरच्या चुका वेगळ्या. इन्सुलिनच्या बाटल्या आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि १०० युनिटच्याही. ४०ची सिरिंज लाल टोपणाची, १००ची नारिंगी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत १००चे इन्सुलिन ओढले तर २० नव्हे, ५० युनिट जातात, आणि रोगी रात्री साखर उतरून बेशुद्ध पडतो. बाटली आणि सिरिंज एकत्रच हातात घेऊन दोन्ही आकडे जुळवणे एवढाच उपाय. संधिवातासाठीचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. पाकिटावर ‘रोज एक’ लिहिले गेले तर अस्थिमज्जा कोलमडते, म्हणून पाकिटावर वाराचे नाव लिहावे. चिठ्ठीतले अनुसूची ‘एच’चे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारे, औषध दुकानात नसेल तर दुकानदाराने स्वतःच्या मनाने दुसरे देणे नियमाला मान्य नाही, त्यातला घटक तोच असला तरी. ‘एच वन’ या त्याहून कडक यादीतल्या औषधांची, ज्यांत अनेक प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे येतात, वेगळी नोंदवही तीन वर्षे जपायची.

जुन्या टेबलावरचे एक काम तेवढे उरले आहे, तेही अनेकदा आईवर ढकलले जाते: लहान मुलांचे ड्राय सिरप. आधी बाटली कोरडीच आपटून पूड सुटी करायची. उकळून गार केलेले पाणी निम्मे घालून जोरात हलवायचे, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवायचे. पाणी एकदम खुणेपर्यंत ओतले तर पूड तळाशी चिकटते, ती नंतर सुटली की पातळी खुणेखाली उतरते. पहिले डोस पातळ जातात आणि शेवटचे दाट. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायची, म्हणून पाणी घातल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहून द्यावी.