सुजलेला हात रगडू नका

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर माझ्या मावशीचा हात सुजला. अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. घरातले सगळे म्हणत होते जोरात रगडा, सूज उतरेल. थेरपिस्टनं मात्र अगदी हलका मसाज केला, तेलाला हातही लावला नाही आणि सुरुवात केली ती थेट मानेपासून!

रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी आणि प्रथिनं परत रक्तात नेणाऱ्या वेगळ्या नळ्या शरीरात असतात, त्या म्हणजे लसिकावाहिन्या. काखेतल्या लसिकाग्रंथी (ह्या नळ्यांच्या वाटेवरच्या छोट्या गाठी) काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं की हाताकडून येणारा हा रस्ता तुंबू शकतो, ह्या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात.

आता खरी गंमत. सगळ्यात बारीक लसिकावाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात आणि त्यांना बाहेरून अगदी सूक्ष्म तंतू बांधलेले असतात, ज्यांचं दुसरं टोक आजूबाजूच्या ऊतींत रुतलेलं असतं. त्वचा हलकेच ताणली की तंतू ओढले जातात, पेशींमधली फट उघडते, पाणी आत शिरतं, ताण सुटला की फट मिटते आणि आत गेलेलं सहसा बाहेर येत नाही. म्हणजे एकाच बाजूनं उघडणारं दारच! पुढच्या मोठ्या नळ्यांना स्वतःचे स्नायू आणि झडपा असतात, त्या संथपणे आकुंचन पावत पाणी पुढे ढकलतात, म्हणून हातही संथच फिरवायचा. तेल नको कारण बोट घसरलं की त्वचा ताणलीच जात नाही. स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून ते न घसरवता कातडी सरकवून बघा, इतकाच दाब लागतो. आणि मान आधी, कारण हे पाणी शेवटी मानेच्या तळाशीच रक्तात परततं, तो पुढचा रस्ता मोकळा नसेल तर मागचं पाणी जाणार कुठे?

डेन्मार्कच्या एमिल व्होडर ह्यांनी ही हलक्या मसाजची पद्धत १९३० च्या दशकात बसवली. पण नुसत्या मसाजवर भागत नाही, प्रेशर बँडेज किंवा घट्ट स्लीव्ह, व्यायाम आणि त्वचेची काळजी हे सगळं बरोबर लागतं, त्यातही बँडेजचा वाटा मोठा.

ह्याच मसाजला 'डिटॉक्स' म्हणून धडधाकट लोकांना विकतात त्याची मला चीड येते. शरीरातली घाण काढायचं काम लिव्हर आणि किडन्या करतात, ते काम मसाजचं नाही. आणि हात लाल, गरम झाला असेल, ताप असेल, शिरेत रक्ताची गुठळी असेल किंवा हार्ट फेल्युअर असेल तर हा हलका मसाजही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. मावशी आता रोज सकाळी स्लीव्ह चढवते आणि टेपनं हाताचा घेर मोजून वहीत लिहून ठेवते.