जिल्ह्याचं नाव बदललं, फोल्डर हलले, टेस्ट बंद पडल्या: शेल टेस्टिंगची पार्श्वभूमी

टीममध्ये नवीन आलेली पोरं सारखी विचारायलेत की शेल स्क्रिप्ट्स (कमांड ओळीनं लिहिलेल्या फाइल) तर रोज रात्री नीट चालतात, मग जुन्या टेस्ट (स्क्रिप्ट बरोबर चालते का ते तपासणारा कोड) परत उभ्या करण्यात एवढा वेळ कशाला, म्हणून मागचं सगळं एकदा लिहून ठेवतो.

सुरुवात 2023 पासून. औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. मराठवाड्यात जिल्हे 8, आणि तोवर आठही नावं एकाच शब्दाची होती. आपल्या जिल्हावार फाइल गोळा करणाऱ्या स्क्रिप्ट्समध्ये ही नावं एका व्हेरिएबलमध्ये मध्ये स्पेस देऊन ओळीनं लिहिलेली आणि त्यावर फॉर लूप, म्हणजे प्रत्येक नावासाठी तेच काम परत. नवं नाव दोन शब्दांचं आलं की तोच लूप 8 च्या जागी 9 वेळा फिरतो, एकदा नुसत्या 'छत्रपती'साठी आणि एकदा 'संभाजीनगर'साठी, आणि या दोन्ही नावांचं फोल्डर कुठंच नसतं. ते दुरुस्त करता करता यादी वेगळ्या फाइलमध्ये गेली, कॉमन फंक्शन लिब फोल्डरमध्ये गेले, प्रत्येक कामाला वेगळं फोल्डर झालं. हे व्हायलाच पाहिजे होतं आणि चांगलं झालं. पण टेस्ट जुन्या फोल्डरांच्या पत्त्यांवरच राहिल्या.

आता शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, असं का वागतो ते त्याच्या वयात आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा पहिला शेल 1971 चा, केन थॉम्पसनचा. स्टीफन बोर्नचा शेल 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला आणि आज आपण जे लिहितो त्याचा सांगाडा तोच आहे, ब्रायन फॉक्सनं 1989 मध्ये बॅश आणला तेव्हा तोच पुढं नेला, 1992 मध्ये पॉझिक्स या युनिक्सच्या नियमावलीनं त्यालाच स्टँडर्ड केलं. माणसानं कमांड टाइप करायच्या, एकीचं आउटपुट दुसरीला द्यायचं, हे त्याचं मूळ काम. कोट न लावलेलं व्हेरिएबल स्पेसवर तुटणं ही तेव्हाची सोय होती, आणि 'छत्रपती संभाजीनगर' तिथंच तुटतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शेलमध्ये मॉड्यूल (नावानं घेता येणारा कोडचा वेगळा तुकडा) नावाचा प्रकारच नाही. एक फाइल दुसरीत घ्यायची तर सोर्स करायची, आणि दिलेला रिलेटिव्ह पाथ (फाइलचा अर्धा पत्ता) मोजला जातो तो तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथून, स्क्रिप्ट जिथं ठेवलीय तिथून नाही. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) तीच स्क्रिप्ट होम डिरेक्टरीतून चालवतो, टेस्ट चालवणारा तिसऱ्याच ठिकाणाहून. बॅशमध्ये बॅश सोर्स व्हेरिएबल वापरून स्वतःची जागा शोधता येते, साध्या पॉझिक्स शेलमध्ये ते व्हेरिएबलही नाही. म्हणून फोल्डर हलवले की एक अक्षर कोड न बदलता टेस्ट पडतात.

टेस्टिंगची हत्यारं शेलला फार उशिरा मिळाली. 1987 मध्ये पर्ल या भाषेच्या पहिल्या आवृत्तीबरोबर लॅरी वॉलनं टेस्टचा निकाल 'ओके' आणि 'नॉट ओके' अशा साध्या ओळींत छापायची पद्धत आणली, तिचाच पुढं टेस्ट एनिथिंग प्रोटोकॉल म्हणजे टॅप झाला. 2005 मध्ये कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट आलं, त्याच्या टेस्ट पहिल्यापासून शेलमध्येच लिहिलेल्या, आणि त्यातूनच नंतर शार्नेस वेगळं निघालं. लॉग-फोर-एसएच या शेलच्या लॉगिंग लायब्ररीची टेस्ट करायला शयुनिट-टू तयार झालं. 2011 मध्ये सॅम स्टीफन्सननं बॅट्स लिहिलं, जे आपण वापरतो. मग मूळ प्रोजेक्टकडं बघणारं कुणी राहिलं नाही, 2017 मध्ये बाकीच्या लोकांनी त्याचा फोर्क (वेगळी प्रत) करून बॅट्स-कोअर चालू केलं, आणि ते आजही जोरात आहे. ही माणसं फुकटात एवढं सांभाळतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता आपल्याकडं नेमकं काय मोडलं. लाल (फेल) झालेल्या टेस्टची मला काळजी नाही, त्या ओरडून सांगतात. काळजी हिरव्या (पास) राहिलेल्यांची. बॅट्सला फोल्डर दिलं तर तो त्याच फोल्डरमधल्या टेस्ट फाइल चालवतो, आतल्या फोल्डरांत शिरायला रिकर्सिव्ह पर्याय वेगळा द्यावा लागतो, तर टेस्ट आत हलवल्या की त्या चालतच नाहीत आणि निकालात एकही फेल दिसत नाही. म्हणून आधी टॅपच्या आउटपुटमधला टेस्टचा आकडा बघायचा, हलवण्याआधी किती होता आणि आता किती आहे.

मग 127. स्क्रिप्टच सापडली नाही तर एक्झिट कोड (कमांड संपताना मिळणारा आकडा, शून्य म्हणजे सगळं नीट) 127 येतो, एक्झिक्यूट परमिशन नसेल तर 126. आपल्या बऱ्याच टेस्ट अशा आहेत की चुकीची तारीख दिली तर स्क्रिप्टनं फेल व्हावं, आणि तपासतात फक्त एवढंच की कोड शून्य नाही. स्क्रिप्ट जागेवर नसली तरी ती टेस्ट पास! नवीन बॅट्स-कोअर 127 वर वॉर्निंग देतं, तरी टेस्टमध्ये नेमका कोड लिहिणं हाच उपाय मला पटतो.

सगळ्यात धोक्याचं स्टब. टेस्टमध्ये खरी आरसिंक (फाइल कॉपी करणारी) किंवा मेलची कमांड चालू नये म्हणून त्याच नावाची खोटी कमांड एका फोल्डरमध्ये ठेवून ते फोल्डर पाथच्या, म्हणजे शेल कमांड शोधतो त्या फोल्डरांच्या यादीच्या, सुरुवातीला लावतो. ते फोल्डर हललं तर शेल काहीच बोलत नाही, पाथमधलं नसलेलं फोल्डर गपचूप सोडून पुढं जातो आणि खरी कमांड चालवतो, म्हणजे टेस्टमधून खरी मेल जाऊ शकते. म्हणून प्रत्येक सेटअपमध्ये आधी तपासायचं की कमांड आपल्याच फोल्डरमधून येतेय का.

आणि देवनागरी. 'धाराशिव' डोळ्याला चार अक्षरं, युनिकोडमध्ये 7 कोडपॉइंट (अक्षर आणि मात्रा वेगळ्या मोजून), साठवायच्या यूटीएफ-8 पद्धतीत 21 बाइट. बॅश लांबी 7 सांगणार का 21 हे लोकेलवर (भाषेच्या सेटिंगवर) ठरतं, आणि कंटेनरमध्ये लोकेल बऱ्याचदा सेटच नसतं. रिपोर्टसाठी नावाचे पहिले 10 कॅरेक्टर कापणारं फंक्शन तिथं 10 बाइट कापतं, म्हणजे तीन कोडपॉइंट पूर्ण आणि चौथा अर्धवट. अशी टेस्ट एका मशीनवर पास आणि दुसरीवर फेल होते तेव्हा अपेक्षित उत्तर बदलून ती हिरवी करायची नाही, लोकेल टेस्टमध्येच ठरवायचं.

कोट विसरलेले व्हेरिएबल 2012 पासूनचं शेलचेक हे स्क्रिप्ट तपासणारं साधन पकडून देतं, त्याच्या वॉर्निंग आधी संपवू. बॅकअपच्या टेस्ट परत चालू झाल्यात. जिल्हावार फाइलच्या राहिल्यात, त्या घेताना यादीत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि एक रिकामी ओळ एवढं असू द्या, आणि लूप किती वेळा फिरला ते मोजणारी टेस्ट सगळ्यात आधी लिहा.